यवतमाळच्या आकाशासाठी परावर्ती दुर्बीण : छायाचित्रणाच्या दृष्टीने एक आढावा

दुर्बीण विकत घेण्याचा विचार निघाला की 'किती इंची' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि डोळ्याने आकाश पाहायचे असेल तर तो प्रश्न योग्यच असतो, कारण आरशाचा व्यास जितका मोठा तितका जास्त प्रकाश डोळ्यात पोहोचतो. छायाचित्रणासाठी मात्र एवढे पुरत नाही. डोळा क्षणाक्षणाचे दृश्य पाहून विसरतो, तर कॅमेरा मिनिटामिनिटाने आणि तासातासाने प्रकाश साठवत जातो. त्यामुळे ज्या दुर्बिणीतून गुरूचे पट्टे किंवा शनीची कडी सुरेख दिसते, तीच दुर्बीण देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेताना निरुपयोगी ठरू शकते. मर्यादित खर्चात, एका माणसाला उचलून नेता येईल अशी परावर्ती दुर्बीण निवडताना विचार व्यासापासून सुरू न करता बैठकीपासून सुरू करावा, म्हणजे दुर्बीण ज्या यंत्रावर बसते आणि ताऱ्यांबरोबर फिरते त्या यंत्रापासून, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर ते विशेष लागू पडते, कारण तेथे चांगले आकाश आहे, पण ते घराच्या गच्चीवर नाही.

यवतमाळ शहर सुमारे २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा तेथून क्षितिजापासून अवघ्या वीस अंशांवर दिसतो आणि दक्षिणेचे आकाश उत्तर भारतापेक्षा बरेच अधिक उघडे होते. आकाशगंगेचे केंद्र ज्या धनु राशीत आहे तो भाग येथून सुमारे ४० अंशांपर्यंत वर चढतो, मृगातला तेजोमेघ ६४ अंशांवर जातो आणि नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा भव्य गोलाकार तारकागुच्छ एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिण क्षितिजावर २२ अंश उंचीवर येतो. वणी परिसरातल्या उघड्या कोळसा खाणींचे दिवे आणि धूळ, तसेच यवतमाळ, पुसद, वणी या शहरांची प्रभा सोडली तर घाटंजी, झरी-जामणी, महागाव, उमरखेड या तालुक्यांत अजूनही अंधार शिल्लक आहे. ऋतूंचे गणित मात्र कठोर आहे. धनु रास जूनच्या उत्तरार्धात मध्यरात्री आपल्या सर्वोच्च उंचीवर येते आणि नेमका त्याच वेळी पाऊस येतो, म्हणून आकाशगंगेच्या गाभ्याचे छायाचित्र मार्च ते मे या महिन्यांत पहाटे घ्यावे लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. देवयानी, कृत्तिका आणि मृग हे या हंगामाचे विषय, आणि उपकरण निवडताना हेच विषय डोळ्यांसमोर ठेवणे श्रेयस्कर.

परावर्ती दुर्बिणीत प्रकाश गोळा करण्याचे काम भिंगाऐवजी आरसा करतो. न्यूटनने १६६८ मध्ये तयार केलेल्या रचनेत नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा असतो, तो प्रकाश परत वर फेकतो आणि नळीच्या तोंडाजवळ ४५ अंशांत बसवलेला लहान सपाट आरसा तो प्रकाश नळीच्या बाजूला वळवून कॅमेऱ्याकडे पाठवतो. आरशावरून परावर्तित होताना सर्व रंगांचे किरण एकाच ठिकाणी एकवटतात. भिंगातून जाताना तसे होत नाही आणि स्वस्त भिंगाच्या दुर्बिणीत तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळे वलय उमटते. हा दोष काढणारी भिंगे महाग असतात, त्यामुळे १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाला जो खर्च येतो त्यात तेवढ्या व्यासाची रंगदोषमुक्त भिंगाची दुर्बीण मिळण्याचा प्रश्नच येत नाही. मर्यादित पैशांत छायाचित्रण करू पाहणारा मनुष्य परावर्ती दुर्बिणीकडे वळतो तो या कारणाने, आणि ते कारण पक्के आहे.

आरशाची वक्रता कोणती हे विचारल्याशिवाय खरेदी करू नये. गोलाचा तुकडा वाटावा अशी वक्रता घडवायला सोपी असते, पण तिच्यामुळे कडेचे किरण आणि मधले किरण वेगवेगळ्या बिंदूंवर एकवटतात. सर्व किरण एका बिंदूवर आणायचे तर वक्रता अन्वस्ताकार, म्हणजे पराबोलिक, असावी लागते. १३० मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशात या दोन वक्रतांमधला कडेवरचा फरक सुमारे एक-हजारांश मिलिमीटर एवढाच असतो, तरी तो प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळजवळ दुप्पट भरतो आणि तारा बिंदूऐवजी धुरकट ठिपका दिसण्यास पुरेसा होतो. स्वस्त दुर्बिणींचा आणखी एक प्रकार बाजारात आढळतो. त्यात नळी आखूड असते, पण नाभीय अंतर १००० मिलिमीटर सांगितलेले असते. सेलेस्ट्रॉनची पॉवरसीकर १२७ ही त्यातली परिचित दुर्बीण. तिच्या फोकसरच्या, म्हणजे फोकस साधणाऱ्या सरकत्या नळीच्या, आत एक भिंग बसवलेले असते. ते गोलाकार आरशाचा दोष काही अंशी सुधारते आणि नाभीय अंतर वाढवते. चंद्र पाहण्यासाठी ती चालते, छायाचित्रणासाठी मात्र ती टाळावी, कारण कॅमेरा जोडायला आवश्यक तेवढी मोकळीक तिच्यात नसते आणि आरसे जुळवणेही त्या भिंगामुळे किचकट होते.

नाभीय अंतराला व्यासाने भागले की जे गुणोत्तर मिळते त्याला एफ-गुणोत्तर म्हणतात. १३० मिलिमीटर व्यास आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतर असलेली दुर्बीण एफ/५ असते. तेजोमेघासारख्या पसरट वस्तूचा प्रकाश कॅमेऱ्याच्या संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर किती वेगाने जमेल हे या गुणोत्तरावर ठरते आणि एफ/१० दुर्बिणीला जे काम करायला चार मिनिटे लागतात ते एफ/५ दुर्बीण एका मिनिटात करते. शिवाय नाभीय अंतर लहान असले की आकाशाचा मोठा तुकडा चौकटीत मावतो: सर्वसाधारण डीएसएलआर कॅमेऱ्याचा एपीएस-सी संवेदक २२ बाय १५ मिलिमीटरचा असतो आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतरावर तो सुमारे दोन अंश रुंद आणि सव्वा अंश उंच एवढे आकाश पकडतो. कृत्तिका आणि मृगाचा तेजोमेघ त्यात नीट बसतात, देवयानी दीर्घिकेची टोके मात्र बाहेर राहतात. याउलट गुरूचे बिंब त्याच संवेदकावर जेमतेम ०.१४ मिलिमीटरचे उमटते, म्हणून ग्रहांच्या छायाचित्रांसाठी बार्लो नावाचे विवर्धक भिंग लावून नाभीय अंतर तिप्पट करावे लागते. ग्रह आणि तेजोमेघ यांच्या गरजा परस्परविरुद्ध असल्यामुळे दोन्हींसाठी एकच उपकरण आदर्श असू शकत नाही.

लहान आणि आखूड नाभीय अंतराचे साधन आकाशाच्या छायाचित्रात किती मोठे काम करू शकते याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडातच घडले आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी कोकण किनाऱ्यापासून ईशान्येकडे गेलेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा वऱ्हाडावरून जात होता. त्या वेळी पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगमवाला, ज्यांच्याकडे ग्रबने घडवलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण होती, आपली तुकडी घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने तळणी येथे तळ ठोकला होता. धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधले हे रेल्वे स्थानक यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून फार दूर नाही. तेथे अ‍ॅनी माँडर यांनी केवळ दीड इंच व्यासाच्या आणि नऊ इंच नाभीय अंतराच्या भिंगाचा कॅमेरा वापरून सूर्याच्या प्रभामंडलाचा एक किरण टिपला, जो सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदा पट, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर, लांबवर पसरलेला होता. एवढा लांब किरण तोपर्यंत छायाचित्रात आलेला नव्हता. ते भिंग होते, आरसा नव्हता, हे खरे. पण मंद आणि पसरट प्रकाश टिपायचा तर व्यासापेक्षा एफ-गुणोत्तर आणि दृश्यक्षेत्र महत्त्वाचे ठरते, हे तळणीच्या त्या काचेवर सव्वाशे वर्षांपूर्वी नोंदले गेले आहे.

यानंतरचा मुद्दा विक्रेते सहसा सांगत नाहीत आणि नवख्या माणसाची निराशा बहुधा तेथेच होते. डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या न्यूटन दुर्बिणीत प्रतिमा जिथे तयार होते ती जागा नळीच्या बाहेर फारच थोड्या अंतरावर असते. डीएसएलआर कॅमेऱ्याचा संवेदक कॅमेऱ्याच्या तोंडापासून बराच आत असतो (कॅननच्या ईएफ पद्धतीत हे अंतर ४४ मिलिमीटर असते) आणि त्यात जोडकडीची जाडी मिळवली की ते सुमारे ५५ मिलिमीटर होते. परिणामी फोकसर पूर्ण आत सरकवूनही तारे स्पष्ट होत नाहीत. यावर तीन मार्ग आहेत: मुख्य आरसा नळीत काही सेंटिमीटर वर सरकवणे, बार्लो लावणे किंवा मुळातच छायाचित्रणासाठी बनवलेली नळी घेणे. पहिल्या मार्गासाठी नळी कापण्याची किंवा नवी छिद्रे पाडण्याची हिंमत लागते, दुसऱ्यात एफ-गुणोत्तर दुप्पट होऊन आखूडपणाचा सारा फायदा निघून जातो, म्हणून तिसरा मार्ग सर्वांत शहाणपणाचा. स्काय-वॉचरच्या १३०पीडीएस आणि १५०पीडीएस या नळ्या याच हेतूने बनवलेल्या आहेत. त्यांतला दुय्यम आरसा मोठा, फोकसर दुहेरी गतीचा आणि प्रतिमा नळीच्या बाहेर पुरेशी लांब असते. पहिलीचे वजन चार किलोच्या आसपास, तर दुसरीचे साडेपाच-सहा किलोच्या आसपास भरते. दुसरी तिसऱ्या हिश्शाने जास्त प्रकाश गोळा करते, पण तिच्यासाठी लागणारी बैठक एक पायरी वरची असते.

एफ/५ आरशाला स्वतःचा एक दोष असतो. चौकटीच्या मध्यभागी दोन-तीन मिलिमीटरचा भाग सोडला तर कडेकडेने ताऱ्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटू लागते. या दोषाला कोमा म्हणतात आणि तो एफ-गुणोत्तर कमी होईल तसा झपाट्याने वाढतो. कोमा सुधारक नावाचे भिंगांचे जोडसाधन कॅमेऱ्यापुढे बसवले की चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत तारे गोल येतात. खर्चाच्या अंदाजात ते पहिल्याच दिवसापासून धरावे. एफ/४ च्या स्वस्त नळ्या याच कारणाने टाळाव्यात, कारण त्यांत कोमा अधिक, आरशांची जुळवणी अधिक नाजूक आणि फोकसची मुभा अधिक तुटपुंजी असते.

आता बैठक. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. ६५० मिलिमीटर नाभीय अंतर आणि ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा असा संच घेतला तर एका पिक्सेलमध्ये सुमारे १.३६ विकला येतात, म्हणजे स्थिर ठेवलेल्या दुर्बिणीत तारा एका सेकंदाच्या एक-दशांशाहूनही कमी वेळात एक पिक्सेल ओलांडतो. मिनिटभराचा प्रकाश साठवायचा तर दुर्बिणीला ताऱ्याच्या वेगाने आणि पिक्सेलभराच्या अचूकतेने फिरवणारे यंत्र हवे. हे काम विषुववृत्तीय बैठक करते. तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावला जातो आणि त्या एकाच अक्षाभोवती मोटर फिरत राहते. स्वस्त दुर्बिणींबरोबर येणाऱ्या लहान विषुववृत्तीय बैठका दिसायला तशाच असतात, पण त्यांच्या दातचक्रांतला खडबडीतपणा आणि तिपाईची थरथर यांमुळे त्या छायाचित्राला उपयोगी पडत नाहीत. बैठकीवर छापलेली भारक्षमता डोळ्याने पाहण्यासाठीची असते; छायाचित्रणासाठी तिच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांशापर्यंतच भार द्यावा, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. १३० मिलिमीटरची नळी, कॅमेरा, कोमा सुधारक आणि कडी मिळून पाच ते सहा किलो होतात. पाच किलो क्षमतेच्या स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआयसारख्या हलक्या बैठकीला हा भार झेपत नाही. मोटर लावलेली ईक्यू-५ ही किमान पायरी आणि एचईक्यू-५ ही समाधानाची पायरी समजावी. एचईक्यू-५ ची किंमत १३० मिलिमीटरच्या नळीपेक्षा कितीतरी जास्त असते आणि नेमका हाच खर्च लोक वाचवू पाहतात. लहान नळी आणि मजबूत बैठक यांतून चित्र मिळते. मोठी नळी आणि कमकुवत बैठक यांतून मिळत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने जमणार असतील तर आधी बैठक घ्यावी, तिच्यावर जुना कॅमेरा आणि १३५ किंवा २०० मिलिमीटरचे साधे भिंग लावून एक हंगाम काम करावे आणि नळी पुढच्या वर्षी आणावी.

यवतमाळच्या अक्षांशावर या बैठकीला एक खास अडचण येते. ध्रुवाक्ष अवघा वीस अंश वर असल्यामुळे प्रतिभाराची दांडी खूप खाली झुकते आणि काही बैठकांत प्रतिभार तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला अडतो. खरेदीपूर्वी ती बैठक वीस अंशांवर लावून, दांडी पूर्ण फेऱ्यात फिरवून पाहावी. दुसरे असे की ध्रुवतारा प्रत्यक्ष खगोलीय ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, त्यामुळे अक्ष थेट ताऱ्यावर न रोखता बैठकीच्या ध्रुवदर्शकातल्या खुणांप्रमाणे बाजूला लावावा लागतो. आणि ध्रुवतारा इतक्या खाली असल्याने उत्तरेला झाडी, टेकडी किंवा गावाचा उजेड नसलेली जागा निवडावी लागते.

सुवाह्यता म्हणजे काय हेही येथे जमिनीवरच ठरवावे. नळी पाठीवर आणि मोटारसायकलवरून नेता येते, पण एचईक्यू-५ चे डोके सुमारे दहा किलो, तिपाई पाच-सहा किलो आणि दोन प्रतिभार मिळून दहा किलो, असे पंचवीस किलोंचे ओझे एसटीने किंवा दुचाकीवरून नेणे एकट्याला जड जाते. ते चारचाकीतून न्यावे किंवा गावाकडच्या वावरातल्या गोठ्यात, कोरड्या जागी, हंगामभर ठेवून केवळ नळी आणि कॅमेरा ने-आण करावा. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांचा परिसर कितीही अंधारा असला तरी वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या भागात रात्री उघड्यावर थांबू नये. ओळखीच्या शेतकऱ्याचे, घराजवळचे वावर हीच योग्य जागा. तेथे रात्रीच्या विजेवर ओलित करणाऱ्यांच्या बॅटऱ्या आणि कुंपणाच्या झटका मशीनच्या तारा यांचे भान ठेवावे आणि आधी बोलून घ्यावे. विजेची सोय सोपी आहे: बैठकीला १२ व्होल्ट आणि साधारण अर्धा ते एक अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे फवारणी पंपातली ८ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी, ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही असे धरले तरी, चार ते आठ तास पुरते.

हवामानाचा परिणाम दोन ठिकाणी प्रकर्षाने जाणवतो. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर तापमान झरझर उतरते आणि पोलादी नळी आकसते. दहा अंशांच्या उतारात ६५० मिलिमीटरची नळी सुमारे ०.०८ मिलिमीटरने आखूड होते, तर एफ/५ दुर्बिणीत स्पष्ट फोकसचा पट्टा जेमतेम ०.०५ ते ०.०६ मिलिमीटरचा असतो. संध्याकाळी लावलेला फोकस मध्यरात्री सुटलेला असतो तो यामुळे. बाहतिनोव पडदा नावाची खाचांची जाळी नळीच्या तोंडावर लावून, तेजस्वी ताऱ्याभोवतीच्या तीन रेषांपैकी मधली रेषा बरोबर मध्यावर आणून, तासाभराने फोकस पुन्हा तपासावा. उन्हाळ्याची अडचण वेगळी आहे. संवेदकात उष्णतेमुळे निर्माण होणारा, चित्रात गोंगाट आणणारा प्रवाह दर सहा अंशांना सुमारे दुप्पट होतो, म्हणजे जानेवारीतल्या १२ अंशांच्या रात्रीपेक्षा मेमधल्या ३० अंशांच्या रात्री तो आठपट भरतो. एप्रिल-मेमध्ये आकाशगंगेच्या गाभ्याकडे दुर्बीण रोखणाऱ्याने झाकण लावून घेतलेल्या काळ्या चौकटी, ज्या वजा करून हा गोंगाट कमी करता येतो, तितक्याच निगुतीने आणि त्याच तापमानाला घ्याव्यात. एक-एक मिनिटाच्या साठ-सत्तर चौकटी घेऊन त्या सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या विनामूल्य प्रणालींत एकावर एक रचल्या की मंद तपशील वर येतो. चौकटी चौपट केल्या की गोंगाटाच्या तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ होते.

पर्यायांचा विचार थोडक्यात करता येतो. डॉब्सन पद्धतीची, म्हणजे लाकडी फिरत्या चौरंगावर बसवलेली, सहा किंवा आठ इंची दुर्बीण पैशांच्या मानाने सर्वांत जास्त दाखवते आणि शाळेसाठी तीच घ्यावी, पण तिच्यातून चंद्र आणि ग्रह यांपलीकडचे छायाचित्र अपेक्षू नये. मॅक्सुटोव्ह दुर्बिणी सुटसुटीत असल्या तरी त्यांचे एफ-गुणोत्तर १२ च्या आसपास असते. त्या ग्रहांच्या दुर्बिणी होत. अलीकडे आलेली सीस्टार एस५० सारखी स्वयंचलित दुर्बीण, जिचा व्यास अवघा ५० मिलिमीटर, नाभीय अंतर २५० मिलिमीटर आणि वजन अडीच किलो आहे, हा मात्र गंभीर पर्याय आहे. ती स्वतः तारे ओळखते, फोकस लावते आणि चौकटी रचते. ज्याला कृत्तिका आणि देवयानी यांची चित्रे मिळवायची आहेत पण रात्री जुळवाजुळवीत घालवायच्या नाहीत, त्याने तिचाच विचार करावा. ज्याला ते चित्र कसे तयार होते हे हाताने शिकायचे आहे, बारीक तपशील हवा आहे आणि पुढे कॅमेरा बदलण्याची मोकळीक हवी आहे, त्याच्यासाठी आरशाची दुर्बीण अजूनही उजवी ठरते.

आरसा स्वतः घासण्याची परंपराही महाराष्ट्रात जिवंत आहे. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणले आणि आयुका या खगोलशास्त्र संस्थेने दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळांतून शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हातून आरसे घासून घेतले. दीडशे मिलिमीटरचा एफ/८ आरसा गोलाकारच राहिला तरी चालतो, त्यामुळे पहिल्या हातासाठी तोच योग्य. त्याची नळी मात्र १२०० मिलिमीटर लांब होते, वाऱ्यात हलते आणि मध्यम बैठकीला झेपत नाही. एफ/५ आरशाला अन्वस्ताकार देण्याचे काम आरशाची वक्रता तपासणाऱ्या फूको चाचणीवर हात बसल्यानंतरच हाती घ्यावे.

हंगाम संपल्यावर उपकरणाची काळजी घेणे विदर्भाच्या पावसाळ्यात अटळ असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात नळीची दोन्ही तोंडे झाकून ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावी, पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर गरम करून पुन्हा वापराव्यात आणि कोमा सुधारकाच्या भिंगांवर बुरशी येत नाही ना हे महिन्यातून एकदा पाहावे. कापसाची तंतुमय धूळ आरशावर साचते, पण थोडी धूळ चित्राला बाधत नाही आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर ओरखडतो. दोन-तीन वर्षांतून एकदा आरसा काढून साध्या पाण्याखाली धरावा, सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस दाब न देता फिरवावा, शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन तो उभा ठेवून वाळवावा, आणि परत बसवल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या स्वच्छ रात्रीपूर्वी दोन्ही आरशांची जुळवणी नव्याने करून घ्यावी.